कोण आरवलं

मार्व्याहून मनोरी, तरीत उभ्याने सात मिनिटं.
पलीकडे इनास बरबोज स्कूटरवर, पायात बायकोच्या चपला.
घाईत निघालो, म्हणाला, ओहोटी कुणासाठी थांबत नाय.

त्याची वरची कवळी मी केलेली आहे.
डॉक्टरीणबाईंनी तोंडात माप भरलं होतं,
मी शेजारी उभी राहून दातांचा रंग जुळवत होते,
तेव्हा त्याने मला हा डोंगर सांगितला,
निम्मा हातांनी, निम्मा हुंकारांनी.
म्हणून आले. नाहीतर रविवारी मी झोपते.

डोंगर म्हणायचा म्हणून डोंगर.
मालाडच्या टॉवरांपुढे गुडघ्याएवढा.
पण एक खांदा समुद्रात घालून बसलेला,
आणि पाणी त्या खांद्याला विचारून आत येतं.

वाट बोंबलांच्या वलांडींमधून, मग करवंदीतून,
मग वाटच नाही.
इनास पुढे, दोन्ही हात पाठीमागे,
स्वतःच्या घरातला जिना चढावा तसा.

गुहा तीन. एकीत शेळ्यांचा वास,
एकीत कोळशाने लिहिलेली नावं, एक नाव खोडलेलं.
तिसरीत खांब,
छतातून खाली येता येता थांबलेला.
त्याच्याखाली हातभर पोकळी, मग जमीन.
मी तिथे हात घालून पाहिला. हवा गार होती.

पांडवांचं काम, इनास म्हणाला,
सकाळची मिस ऐकून आलेला इनास.
एका रात्रीत करायचं, अशी अट.
भीमाने खडक ओढला, धाकट्या दोघांनी मशाली धरल्या,
अर्जुन नुसता सांगत होता कुठे तासायचं.
आणि कोंबडा आरवला.
हत्यारं टाकून गेले.
उजाडलं नव्हतंच अजून, पण बोल तो बोल.

मग आरवलं कोण?

तो हसला, मी केलेले दात दिसले.
माझी आई सांगायची, द्रौपदी.
पाच जणांचं एवढं घर उभं राहिलं असतं
तर झाडलं असतं कुणी?
मग जरा वेळाने, समुद्राकडे बघत:
आमच्या सांपेद्रूच्या गोष्टीतपण कोंबडाच.
तो तीनदा नाय म्हणाला, तवा आरवला.
मला वाटतं कोंबडा एकच असंल.
लय म्हातारा झाला असंल आता.

गुहेच्या तोंडाशी, धुपलेल्या मातीत,
नखाएवढे दगड. दुधी, मधाच्या रंगाचे, एक लाल.
कॉलेजची पोरं येतात, इनास म्हणाला,
पिशव्या भरून नेतात. पांडवांच्याही आधीचे म्हणतात.
पांडवांच्या आधी कोण होतं?
असतील कोणतरी. भूक तं होतीच.

मला ते दगड ओळखीचे वाटले.
बावीस वर्षं मी दात ओळीने लावते,
दाढा, उपदाढा, सुळे, पटाशीचे.
हे पटाशीचे होते.
कुणीतरी इथे मांडी घालून, उजेडाकडे तोंड करून
एकेक टवका काढला होता,
आणि संध्याकाळी मान अवघडली असणार,
डावीकडे, खांद्याच्या जरा वर. मला माहीत आहे कुठे.

एक उचलला, अंगठ्यावरून सहज फिरवला.
कळलंसुद्धा नाही, आणि रक्त.
हत्यार अजून चालू आहे.

इनासने कसलासा पाला चोळून लावला.
दगड मी होता तिथे ठेवला.
उलटा पडला. परत वाकून सुलटा केला.

कारखान्यात माझ्याकडे एक कवळी आहे,
चौदा महिने पाण्यात, पूर्ण झालेली, पॉलिशसकट.
वाघमोडे नावाचे गृहस्थ न्यायला आलेच नाहीत.
दर सोमवारी मी पाणी बदलते.
हे इनासला सांगायचं होतं, राहिलं.

उतरलो तेव्हा भरती लागली होती.
तरीच्या काठावरून वाकून अंगठा पाण्यात धरला.
झोंबलं, चांगलंच झोंबलं.
मागे गावात, दुपारी दोन वाजता,
कुणाचातरी कोंबडा आरवला.
इनास धक्क्यावरून हात हलवत काहीतरी ओरडला.
इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही.